टिकलीपर्यंत पाणी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बिअरचा बुधला भरणं. तेपण अर्धवट राहिलं.

बेसमेंटमध्ये धुण्याच्या मशीनशेजारी तो मोठा काचेचा बुधला होता. इंदू, म्हणजे माझी बायको, त्याच्यापुढं पाटावर बसलेली. मान वाकडी, एक डोळा मिटलेला, दुसरा काचेवर लावलेल्या टिकलीच्या बरोबर समोर. मी वरून ओततोय. माल्ट घालून उकळलेलं ते तपकिरी पाणी, आम्ही त्याला काढा म्हणायचो. ती म्हणायची, "ओता... ओता... हळू... अहो हळू, पेट्रोल नाही ते... बास."

टिकली अजून दोन बोटं वर होती. मी म्हटलं, "बास काय? कमी आहे की."

"कोमट आहे अजून. निवलं की खाली बसेल. आत्ता मोजून उपयोग काय? वरचं पाणी उद्या सकाळी घालू. मी उकळून झाकून ठेवलंय."

मग कमरेवर हात ठेवून उठली, भिंत धरून जिना चढली, वर जाऊन मेथी निवडत बसली. संध्याकाळ व्हायच्या आत गेली. खुर्चीतच. डॉक्टर म्हणाले, हार्ट. निम्मी मेथी निवडून झाली होती.

ती गेल्यानंतरचा हा दुसरा ऑक्टोबर. काल विलासनं, माझ्या मुलानं, हीटिंग चालू केलं. उन्हाळाभर बंद असलेली भट्टी पहिल्यांदा पेटते तेव्हा जमिनीतल्या जाळ्यांतून जळक्या धुळीचा वास येतो. घरभर पसरतो. इथल्या लोकांना तो वास कळतसुद्धा नाही. मला कळतो. तो वास आला की आमचं बिअरचं काम सुरू व्हायचं, कारण बेसमेंट तेव्हा बरोबर पाहिजे तेवढं गार होतं. फार गरम नाही, फार थंड नाही. बाहेर झाडं लालभडक झालीत. पानं मरायला लागली की इकडची माणसं गाड्या घेऊन मुद्दाम बघायला जातात. मी खिडकीचा पडदा लावून घेतला.

इथं अमेरिकेत, ट्रॉयला, आम्ही आलो ते ऐंशी सालच्या पुढंमागं. विलास गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, सून बँकेत. सकाळी दोघं दोन गाड्या घेऊन निघाले की घरात आम्ही दोघं आणि फ्रिजचा आवाज. रस्त्यावर माणूस नाही. चालत कुठं जावं तर दुकान तीन मैल. मी चौथी शिकलेला, इंदू दुसरी. टीव्ही बघायचो, पण बघून बघून किती बघणार? कधी कधी आम्ही भांडायचो ते नुसतं आवाज व्हावा म्हणून.

शेजारी स्टॅन राहायचा. अजून राहतो. गाड्यांच्या कारखान्यात जन्म काढलेला, बायको आधीच गेलेली. एकदा कुंपणावरून त्यानं मला बिअर दिली, लेबल नसलेल्या बाटलीतून. म्हणाला, "होममेड. लीगल. प्रेसिडेंट सेड ओके." मला एवढंच कळलं की घरी केलेली आहे आणि पोलीस धरत नाहीत. मी प्यायलो. चांगली होती. दुसऱ्या दिवशी तो जुना बुधला, नळी, माल्टचा एक डबा आणि यीस्टची पुडी घेऊन दारात हजर.

इंदूनं पुडीचा वास घेतला आणि म्हणाली, "विरजण आहे की हे."

मी म्हटलं, "असेल."

"असेल काय, आहेच. मग तुम्हाला नाही जमायचं. सरा बाजूला."

जन्मात दारूच्या दुकानावरून गेली तरी पदर नाकाला लावणारी बाई. पण विरजण म्हटल्यावर तो विषय तिचा झाला. दही लावणं, डोसे आंबवणं, यात तिनं कधी कुणाचं ऐकलं नाही, माझ्या आईचंसुद्धा.

डब्यावर लिहिलं होतं, एकूण पाच गॅलन करा. गॅलन हा माझा विषय. मी तरुणपणी कराडजवळ पेट्रोल पंपावर होतो, लिटर यायच्या आधी. तेव्हाच्या पंपाला वर काचेचं नळकांडं असायचं, त्यावर गॅलनच्या खुणा. दांडा मारून पेट्रोल वर चढवायचं, गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत खुणेवर आणायचं, मग गाडीत सोडायचं. पुढं लिटर आलं तेव्हा मालकानं पाठ करून घेतलं होतं की एक गॅलन म्हणजे साडेचार लिटर. मी ते विसरलो नव्हतो. इथं कोल्ड्रिंकच्या बाटल्या दोन लिटरच्या मिळतात. तशी रिकामी बाटली घेतली आणि हिशेबानं पाणी बुधल्यात ओतत गेलो. प्रत्येक गॅलनला खूण पाहिजे होती. पेन काचेवर टिकेना. इंदू वर गेली आणि बाथरूमच्या आरशावरच्या टिकल्या काढून घेऊन आली. झोपताना कपाळावरची टिकली काढून ती आरशाला चिकटवायची, सकाळी परत लावायची. डिंक कमी झालेल्या, रंग उडालेल्या अशा पाच-सात तिथंच राहिलेल्या असायच्या.

मी म्हटलं, "नवीन लाव की, पाकीट आहे ना?"

"बुधल्याला नवीन कशाला? त्याला काय लग्नाला जायचंय?"

अशा पाच टिकल्या लागल्या, खालून वर.

ती पहिली बिअर नासली. नासली म्हणजे काय, बुधला जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेला, फेसाला जागा नाही. दुसऱ्या दिवशी फेस बुच उडवून बाहेर आला आणि विलासच्या धुतलेल्या शर्टांवर सांडला. विलास ओरडला, "बाबा, सगळ्या लॉण्ड्रीला वास लागलाय. हे कॅन्सल करा ना आता." जी उरली ती बाटल्यांत भरली, तर पाणचट. स्टॅननं एक घोट घेतला, बाटली उजेडात धरली, आणि म्हणाला, "व्हेअर इज द बिअर?"

मला वाटलं डबा खराब. इंदूला वाटलं विरजण कमी पडलं. आठवडाभर दोघं एकमेकांच्या अंगावर ढकलत होतो. मग एक दिवस ती दुधाचं प्लॅस्टिकचं कॅन हातात घेऊन खाली आली.

"यावर एक गॅलन लिहिलंय ना?"

"लिहिलंय."

"मग हे पाणी भरून बुधल्यात ओतलं, तर पहिल्या टिकलीला का नाही लागत?"

मी म्हटलं, "तू कमी भरलं असशील."

"काठोकाठ भरलंय. काठोकाठ म्हणजे उलट जास्त झालं. तरी लागत नाही."

मी स्वतः ओतून बघितलं. लागत नव्हतं. स्टॅनला बोलावलं. तो आधी हसला आणि मग खुर्चीवर बसून हसला. म्हणाला, तुझा गॅलन राणीचा, आमचा आमचा. इंग्रजांचा गॅलन मोठा आणि अमेरिकेचा लहान, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. माझा साडेचार लिटरचा, यांचा चारलासुद्धा कमी. मी एवढा छाती काढून गॅलन शिकवत होतो आणि पाच गॅलनला जवळजवळ एक गॅलन पाणी फुकट घालत होतो. इंदू पदर तोंडाला लावून हसत होती. तेव्हापासून मला "पंपवाले" म्हणायला लागली. "पंपवाले, जेवायला चला." "पंपवाले, चहात किती गॅलन साखर?"

नवीन खुणा तिनं केल्या. दुकानातून आलेलं दुधाचं कॅन उघडायच्या आधीच त्यावर दूध कुठपर्यंत आहे तिथं नखानं रेघ मारली, कारण गळ्यापर्यंत भरलं तर तेही जास्त होतं. मग रिकामं झाल्यावर त्या रेघेपर्यंत पाणी. एक ओतायचं, थांबायचं, पाणी हलायचं बंद झालं की टिकली. जुन्या टिकल्या उचकटून खाली खाली लावल्या. वरची मी काढायला गेलो तर हातावर चापट मारली.

"ती राहू दे. तुमच्या गॅलनची."

"कशाला?"

"शोभेला."

तर असं झालं. तिची पाचवी टिकली, आरशावरून आणखी एक आणलेली, हिरवी. आणि तिच्या चार बोटं वर माझी चुकीची, मरून रंगाची.

मोजायला दोन माणसं लागतात, हे मी त्या बुधल्यापाशी शिकलो. पंपावर ते कळलं नव्हतं, कारण तिथं दांडा खाली आणि काच डोळ्यासमोर. इथं ओतणारा वर असतो. वरून बघितलं की पाणी खुणेला लागल्यासारखं दिसतं आणि लागलेलं नसतं. काचेच्या कडेला पाणी जरा वर चढतं, ते धरायचं नाही. मधे जे पोट असतं ते धरायचं. ते फक्त पाण्याच्या बरोबरीनं डोळा आणला तरच दिसतं. माझे गुडघे गेलेले, मला खाली बसता येत नाही. म्हणून मी ओतायचं आणि तिनं पाटावर बसून बघायचं. ती "बास" म्हणाली की हात थांबायचा. तिच्या बासचे प्रकार होते. वरणाला बास वेगळा, तो मी मानायचो नाही. भांडणातला बास वेगळा. बुधल्याचा बास छोटा होता, जवळजवळ श्वासासारखा. त्यावर माझा हात आपोआप थांबायचा. चार साल, दर ऑक्टोबरला, एक थेंब इकडचा तिकडं झाला नाही.

बाटल्या भरायच्या वेळी परत मोजावं लागतं. साखर किती घालायची ते बुधल्यात बिअर किती उरली यावर असतं. जास्त पडली तर बाटल्या फुटतात. एकदा जिन्याखाली एक फुटली तेव्हा सून वरून किंचाळली होती, घरात चोर शिरला म्हणून. इंदू म्हणायची, "किती घातलं ते विसरा. खालचा गाळ सोडून वर किती आहे ते बघा." मग पाटावर बसायची. आणि सगळं झाल्यावर फुलपात्रात अर्धा घोट घ्यायची, मीठ घालून. तोंड वाकडं करायची. "नासक्या ताकासारखं आहे," म्हणायची आणि फुलपात्र पुढं करायची, "अजून घाला थोडं."

ती गेली त्या संध्याकाळपासून घर भरलं. कुठून कुठून माणसं आली, नोव्हाय गावाहून, अजून लांबून. बायकांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. वरणभात, पोळ्या, प्लॅस्टिकच्या डब्यांचा ढीग. चांगली माणसं आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण त्यातली एक काकू माझ्यासमोर दुसरीला म्हणाली, "सवाष्ण गेली हो. भाग्याची."

मी विचारलं, "कुणाचं भाग्य?"

ती पोळ्यांचा डबा लावायला लागली. विलासनं माझा दंड धरला आणि मला बाजूला नेलं.

इकडं अंत्यविधीच्या दुकानातली गोरी मुलगी, तिनं विचारलं कपाळाला काय लावायचं. सुनेनं कुंकू नेऊन दिलं. नवरा गेला की बाईच्या अंगावरचं सगळं काढून घेतात. मी लहानपणी माझ्या आत्याचं बघितलंय. ते वाईटच. पण बायको गेली की बाप्याचं काय काढतात? काही नाही. दुसऱ्या दिवशी मी तोच. तोच शर्ट, तीच टोपी. रस्त्यावरच्या माणसाला कळतसुद्धा नाही. काहीतरी काढून घेतलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. अजून वाटतं.

काही दिवसांनी मी बाथरूममध्ये गेलो तर आरसा स्वच्छ. कोणीतरी पाहुण्या बाईनं मदत म्हणून घासून पुसून लख्ख केला होता. एकही टिकली नाही. मी नळ सोडला आणि तसाच वाहू दिला. तेव्हा मला बेसमेंटमधल्या बुधल्याची आठवण झाली. तिनं हातानं लावलेल्या टिकल्या आता तेवढ्याच राहिल्या होत्या.

बुधल्यातला काढा मात्र खराब झाला होता. त्यात यीस्ट टाकायचं राहूनच गेलं होतं. वर पांढरी बुरशी धरली. स्टॅन आला, नळी लावून सगळं मोरीत सोडलं. मग बुधला आतून धुतला. बाहेरून पाणी लागू दिलं नाही. टिकल्या काय आहेत हे त्याला कळलं असणार. त्याच्या गॅरेजमध्ये त्याच्या बायकोचे हातमोजे अजून खिळ्याला लटकतात.

माझी एकच इच्छा होती. एकदा, फक्त एकदा, तिच्या पाचव्या टिकलीपर्यंत बरोबर बुधला भरायचा. बिअर प्यायची नव्हती. ते अर्धवट राहिलेलं काम पुरं करायचं होतं.

गेल्या ऑक्टोबरात स्टॅन म्हणाला, "आय विल लुक. यू पोर." पाटावर त्याला बसता येईना, म्हणून बादली पालथी घालून बसला. मी ओतायला लागलो. तो बघत होता. मी वाट बघत होतो. तो म्हणाला, "ओके, ओके, गुड." मी थांबलो. मान वाकडी करून बघितलं तर टिकली बुडालेली, पाणी बोटभर वर.

मी म्हटलं, "स्टॅन, जास्त झालं."

"क्लोज इनफ, माय फ्रेंड."

त्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं. बोटभर पाण्यानं बिअरचं काय बिघडतं? नळी लावून बोटभर काढलं तर निघालंही असतं. मला ते करावंसं वाटलं नाही. ओतून काढून जुळवलेलं आणि एका बासमध्ये थांबलेलं, यात फरक आहे. तो मी त्याला कुठल्या भाषेत सांगणार? मला मराठीतसुद्धा नीट येत नाही. सगळं मोरीत सोडून दिलं. स्टॅनला वाईट वाटलं. जाताना म्हणाला, "नेक्स्ट इयर."

हे ते नेक्स्ट इयर. काल भट्टीचा वास आला म्हणून मी खाली गेलो. बेसमेंटमध्ये हवा कोरडी होते, डिंक सुटतो. बुधल्यावरच्या खालच्या चार टिकल्या आधीच गळाल्या होत्या, आता तिची हिरवीही नव्हती. जमिनीवर सापडली, धुण्याच्या मशीनमधून निघून पडलेल्या कापसात गुंतलेली. थुंकी लावून चिकटवायला गेलो, चिकटेना. आणि चिकटवणार कुठं? मी काचेवर डिंकाचा डाग राहिलाय का ते शोधलं. मोतीबिंदू झालाय, सगळी काच मला डागाचीच दिसते. बोट फिरवून बघितलं. नाही लागला.

दुधाचं कॅन आणून परत मोजता येईल, ते मला कळतं. विलास तेच म्हणाला. "बाबा, फाइव्ह गॅलन इज फाइव्ह गॅलन. मी मार्करनं लाइन मारून देतो." चांगला मुलगा आहे. पण ती त्याची रेघ होईल.

वरची तेवढी राहिलीय. माझ्या चुकीच्या गॅलनची. तिचा डिंक कसा सुटला नाही कोणास ठाऊक.

स्टॅन सकाळी कुंपणापाशी आला होता. मी मानेनंच नको म्हटलं. आता काय मोजायचं राहिलंय? माणूस म्हातारा झाला की लोक म्हणतात आठवणी असतात. असतात. पण त्या मोजून मिळत नाहीत. कधी एक थेंब मिळत नाही, कधी बेसमेंटचा जिना उतरताना एकदम गळ्यापर्यंत येतं आणि तिथं बास म्हणणारं कोणी नसतं. तिचा आवाज तर गेलाच आहे माझ्या कानातून. "पंपवाले" आठवतं, शब्द आठवतो. कसा म्हणायची ते नाही. टेप करून ठेवावं हे तेव्हा सुचलं नाही. रोज ऐकतोय ते कोण टेप करतं?

त्या दिवशीचं राहिलेलं सांगतो आणि थांबतो.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, म्हणजे उठायला झोपलोच नव्हतो. वर माणसं होती. विलास फोनवर इंडियाशी बोलत होता, ओरडून, कारण लाइन खराब होती. कोणीतरी म्हणालं, "काका, चहा घ्या." मी म्हटलं आलोच, आणि बेसमेंटचा जिना उतरलो.

बुधला तसाच होता. काढा निवला होता. खाली बसला होता, ती म्हणाली होती तसाच, आणखी जरासा. शेजारी तिनं उकळून ठेवलेल्या पाण्याचं मोठं पातेलं, वर झाकण, झाकणावर तांब्या पालथा. पाट तिथंच. पाटाशेजारी तिची एक चप्पल, दुसरी जिन्यापाशी.

सकाळी भरू म्हणाली होती. सकाळ झाली होती.

मी तांब्या भरला आणि ओतायला लागलो, हळू. वरून काही कळत नव्हतं. थांबलो, बुधल्याला धरून खाली वाकायला बघितलं, गुडघे वळले नाहीत. परत ओतलं. पाणी हिरव्या टिकलीजवळ आलं असावं. मी हात थांबवून कान दिला. वर विलास ओरडत होता, "हॅलो, हॅलो, आई, आई गेली." मी अजून थोडा वेळ थांबलो. मग दुसरा तांब्या भरला. मग तिसरा. तिची टिकली पाण्याखाली गेली ते मला वरूनसुद्धा दिसलं. मी ओतत राहिलो. पातेलं रिकामं झालं तेव्हा पाणी माझ्या टिकलीला लागलं होतं.